उलटं झाकण

"कुणाचा इस्वास बसणार न्हाई, पण सांगून राह्यलो," म्हणत धर्मराजनं टपरीच्या बाकड्यावर मांडी ठोकली. गप्पा हाणण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत कुणी नव्हता.

गोष्ट डब्याची होती. बायको सकाळी त्याच्यासमोर डबा भरायची. कालही भेंडी-भाकरी भरली होती. कारखान्यात दुपारी उघडला, तर आत काहीच नाही. डबा घासून लख्ख, आणि झाकण उलटं लावलेलं. महिनाभर रोज हेच.

"उलटं झाकण तर आपला भागवत लावायचा," शेजारचा बबलू हळूच म्हणाला.

आपल्याला जमणार नसलं की बदली माणूस धाडायचा, ही कारखान्यातली रीतच. सहा महिन्यांमागं धर्मराजनं भागवतला धाडलं, वर आपला डबाही दिला. भट्टीतून सुटलेल्या लाल सळईनं भागवत तिथंच गेला.

"माझा काय दोष? तापानं फणफणलो होतो. उठता येत न्हवतं."

चहा गाळणारी शालू, भागवतची बायको, थांबली. भागवतच्या मागं टपरी तीच चालवायची.

"ताप कुठला, भाऊजी? तुम्ही बैलांचा शंकरपट बघायला गेल्ते."

"कोण म्हणलं?"

"हेच की. काल दुपारी तुमचा डबा घेऊन घरी आल्ते, तवा बोलले." तिनं गाळणी झटकली. "भेंडीत मीठ कमी होतं."