हाकेच्या अंतरावर

तिसरी गोळीही कागदाबाहेर गेली आणि शिरीष खो खो हसत सुटला.

"अरे निशिकांत, हा कागद निदान जागचा हलत तरी नाही. हरीण तर चरत असतं, बाबा!"

निशिकांतने ते हसण्यावारी नेलं. हात मात्र थरथरत होता. शूटिंग क्लबात यायला लागून दोन महिने झाले, तरी थरथर काही जाईना. बँकेत भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस. बंदूक हातात आली की त्याचंच पाणी पाणी व्हायचं.

शिरीषच्या कॉन्डोत भिंतीवर इम्पाला हरणाचं मुंडकं होतं. दर दिवाळीला फराळाची ताटं त्याच्याखालीच मांडली जायची आणि दर दिवाळीला शिरीष ती शिकार तिखटमीठ लावून नव्याने सांगायचा. गेल्या खेपेला निशिकांतला राहवलं नाही. भरल्या घरात म्हणून बसला, "जुलैत मी नामिबियाला निघालोय. पुढचा फराळ माझ्याकडे. शिंगं दाखवतो!" आता हात हलवत परतला असता, तर शिरीषने जन्मभर सोडलं नसतं. निशिकांतला मरण परवडलं असतं, ते हसू नाही.

घरी, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या बायकोने नंदाने आमटी वाढता वाढता विचारलं, "काय म्हणतोय तुझा योहान?"

योहान म्हणजे नामिबियातल्या त्या शिकारीच्या रानाचा मालक. त्याच्या अटी आल्या होत्या. बंदूक तिपाईवर टेकवायची, दीडशे मीटरवरून गोळी झाडायची, मारायचा तो शिंगवाला नरच. जनावर जखमी होऊन पळालं तर शिकार तिथेच संपली.

"दीडशे मीटर? तुला समोरच्या ब्लॉकचा नंबर तरी दिसतो का?" नंदा म्हणाली. मग आवाज उतरला. "आणि ऋताला कळलं तर? आयुष्यात तोंड बघणार नाही तुझं."

"आत्ता कुठे बघतेय?"

ऋता त्यांची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी अकाउंटन्सी अर्धवट सोडून ती नामिबियालाच गेली होती, आई गमावलेली रानातली पिल्लं वाढवणाऱ्या एका आश्रमात. जाताना बापलेकीचं असं वाजलं, की तेव्हापासून अबोला. नंदाचे देव पाण्यात घालून झाले, पण दोघंही एका माळेचे मणी.

"योहानचं रान तिच्या आश्रमाला लागूनच आहे," निशिकांत म्हणाला. "उगाच नाही निवडलं. वाटलं, तेवढंच पोरीला बघता येईल."

नंदाचा घास हातातच राहिला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच पोरीविषयी असं बोलत होता.

शनिवारी त्याने आपणहून ऋताला व्हिडिओ कॉल लावला. नंदा श्वास रोखून मागे उभी राहिली.

"बाबा? काय झालं? आई ओके ना?"

"बरी आहे गं. म्हटलं, तुझं ते हरीण बघावं. फाटक्या डाव्या कानाचं."

ऋता अशी हसली, की निशिकांतला तिचे पडलेले दुधाचे दात आठवले. "बबड्या? आईने फोटो दाखवला वाटतं! अरे, कोल्ह्याने त्याची आई मारली आणि याचा कान फाडला. बाटलीने दूध पाजलंय मी त्याला. माझ्याच खोलीत झोपायचा."

"आता केवढा झाला?"

"चांगला शिंगं मिरवतोय. कुंपणापलीकडच्या शेजारच्या रानात सोडलाय, कळपात असतो. पण हाक मारली की पळत येतो."

"कुणीही मारली तरी?"

"छे! इथल्या लोकांकडे ढुंकून बघत नाही. मराठीच लागते त्याला! मला भरवताना तू जी हाक मारायचास ना बाबा, तीच."

"मार बघू."

ऋता फोन घेऊन कुंपणापाशी गेली. स्टीलच्या वाटीवर तिने चमचा वाजवला. "ये रे बबड्या, ये! ये रे बबड्या, ये!" दूरच्या कळपातून एक हरीण सुटं झालं आणि उड्या मारत, वाऱ्यासारखं थेट तिच्यापाशी आलं. फाटका कान तिच्या गालाला घासत उभं राहिलं. मागे नंदा हुंदके देत होती.

निशिकांतने चष्मा काढून पुसला. "ऋता, चुकलं माझं. घरी ये गं. जुलैत ये, तिकीट मी काढतो. पहिला आठवडा मला बँकेच्या कामाला जकार्ताला जावं लागेल. तेवढे दिवस आईजवळ राहा, मग मी आलोच."

"आणि तुझी ती शिकार? माझ्या कानावर आलंय..."

"कसली शिकार नि कसलं काय! याला बघितल्यावर?"

ऋता ओक्साबोक्शी रडायला लागली. "येते बाबा. नक्की येते."

फोन ठेवल्यावर नंदाने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर नवऱ्याच्या तोंडात घातली. "आज तू बाप झालास," ती म्हणाली.

"एक वाटी नि चमचा दे गं," निशिकांत म्हणाला. "बघू तरी, मला अजून येतेय का ती हाक."

नंदाने डोळे पुसत वाटी दिली. तो खोलीत गेला, दार लोटलं आणि वाटी वाजवत हाक मारू लागला. पहिल्यांदा घसा खरखरला. मग ऋताचा सूर सापडला, तोच हेल, तीच ओढ. "ये रे बबड्या, ये!" बाहेर नंदाला पुन्हा रडू फुटल्याचं त्याला ऐकू आलं.

मनासारखी जमल्यावर त्याने वाटी खाली ठेवली आणि योहानला फाटक्या कानाचा फोटो पाठवला. हात जराही थरथरत नव्हता. खाली त्याने लिहिलं, "जुलैचा पहिला आठवडा नक्की. हाच नर हवा. तिपाईची गरज नाही, हा जवळ येतो."