शेवटच्या थांब्यावरचं पाणी

पेला सकाळपासून भरलेलाच होता. निवृत्त ड्रायव्हर खिडकीकडे तोंड करून कॉटवर बसला होता आणि त्याची बायको त्या पेल्याकडे, सवतीकडे पाहावं तशी, पाहत होती.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. खड्यांनी एक मूत्रपिंड खाल्लं होतं. दुसरं वाचवायचं तर दिवसभर पाणी प्यायचं, नाहीतर पुढे डायलिसिसचं यंत्र आहेच. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. तो पेला ओठांपर्यंत नेई आणि घसा दार लावून घेई. ज्याला भरली बस मध्येच सोडून आडोशाला जाता येत नाही त्याने पाण्याला शिवू नये, हा नियम त्याने नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात स्वतःला घालून घेतला होता. बाटली जवळ असे, पण ती रेडिएटरसाठी. नोकरी सुटली, नियम सुटला नाही.

दुपारी त्याचा जुना कंडक्टर भेटायला आला. बायकोने गाऱ्हाणं मांडलं. आर्जवं झाली, शपथा झाल्या, नातीचा रुसवाही झाला.

“पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, भाऊजी,” ती म्हणाली. “इथे घडा सरळ आहे आणि पाणीच नको म्हणतो.”

कंडक्टर हसला. उपदेश करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. खुर्ची ओढून तो मित्राच्या पाठीमागे बसला आणि बोटातल्या अंगठीने त्याने कॉटच्या लोखंडी दांडीवर, गाडी सोडायची घंटा द्यावी तसे, दोन टोले दिले.

ड्रायव्हरचा उजवा पाय चादरीखाली हलला.

“वखार,” कंडक्टर म्हणाला.

ड्रायव्हरने डोळे मिटले. ओल्या लाकडाचा वास मागे पडला. शाळेपाशी पोरं दाराला लोंबकळली, कंडक्टरने त्यांना जुन्याच शिव्या घातल्या. अरुंद पुलावर समोरून मालट्रक आला तेव्हा ड्रायव्हरने खांदा आत घेतला. दवाखान्याशी ती म्हातारी उतरली, जी रोज दोघांना तोंडभर आशीर्वाद देऊन तिकीट बुडवायची.

“आहे का ती अजून?” ड्रायव्हरने विचारलं.

“चढ आलाय. समोर बघा.”

चढावर दोघंही गप्प राहिले. तिथे इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नसे.

“शेवटचा स्टॉप. उतरा, उस्ताद.”

शेवटच्या थांब्यावर कंट्रोलरच्या खोलीमागे संडास होता आणि बाहेर नळ. साऱ्या फेरीत तिथेच काय ते दोघं पोटभर पाणी पीत. ड्रायव्हरने डोळे न उघडताच हात पुढे केला. बायकोने पेला त्यात ठेवला. तो एका दमात प्यायला, मनगटाने मिशा पुसल्या आणि रिकामा पेला पुन्हा पुढे धरला.

कंडक्टर निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. नवऱ्याचा डबा तिने जन्मभर भरला, पण त्या बसमध्ये ती कधी बसली नव्हती.

“उद्या तुम्ही नसणार,” ती हळूच म्हणाली. “वखारीनंतर काय?”

“शाळा. आणि वहिनी, पोरांना शिव्या घालाव्या लागतील. त्याशिवाय गाडी हलत नाही.”

तो जिना उतरून गेला. ती तिथेच उंबऱ्यात उभी राहिली आणि पाठांतराला बसलेल्या मुलीसारखी, दबक्या आवाजात, पहिल्यापासून म्हणू लागली, “वखार...”