राहिलेलं कलम

वहिनींच्या खुर्चीला टेकून दोन भरलेल्या बॅगा उभ्या होत्या. साहेबांना तेवढं पुरेसं होतं.

“कलम चार आपण शेवटी घेऊ या का?” ते साखर पेरत अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्षांनी मान डोलावली. बाहेर कामगार प्रदर्शनाच्या फळ्या उतरवत होते. हवामान परिषद खरं तर कालच संपायला हवी होती, पण ती कधी वेळेवर संपल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

साहेब एका श्रीमंत देशाचे. वाटाघाटी करण्यातच त्यांचे केस पिकले होते. गरीब देशांच्या माणसांशी वाद घालायचा नसतो, फक्त त्यांच्या विमानाची वेळ होऊ द्यायची असते, हे ते अनुभवाने शिकले होते. त्या माणसांची तिकिटं स्वस्तातली, बदलून न मिळणारी. वेळ झाली की बिचारे चुळबुळ करतात आणि माफी मागत उठतात. मग अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत? रिकामी खुर्ची हरकत घेत नाही. आणि हरकत नाही म्हणजे मंजूर, हा इथला नियम.

वहिनी एका चिमुकल्या बेटावरून आल्या होत्या. त्यांच्या शिष्टमंडळात माणसं दोनच, त्या आणि त्यांचा धाकटा दीर. तो भर सभेत “वहिनी, हे पान बघा,” म्हणायचा, त्यामुळे सगळं सभागृहच त्यांना वहिनी म्हणायला लागलं होतं. साहेबसुद्धा.

कलम चार साधं होतं. ज्यांच्या धुराने समुद्र चढला त्यांनी बुडणारी गावं उंचावर हलवून द्यायची, आणि सुरुवात याच वर्षी करायची. वहिनींच्या गावातल्या विहिरी खारट झाल्या होत्या. खालच्या आळीतली घरं रिकामी पडली होती. वरच्या आळीत भरतीचं पाणी शाळेच्या पायरीला लागत होतं. गेल्या वर्षी याच कलमासाठी वहिनी जिवाच्या आकांताने भांडल्या आणि विमानाच्या वेळेला उठल्या. विमानातून उतरून फोन चालू केला तेव्हा कळलं, कलम गेलं, अभ्यासाला समिती नेमली. तोंडाला पानं पुसली होती. पुढे होडीने बेटावर पोचल्या तर धक्क्यावर सगळा गाव घ्यायला आला होता. त्यांना काय सांगायचं या विचाराने वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चहाच्या सुट्टीत साहेब मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी आले.

“काय वहिनी, विमान किती वाजता?”

“बघू. काम झालं की निघायचंच आहे.”

वहिनींनी ताकाला तूर लागू दिली नाही. साहेब मनात हसले. बाई शहाणी झाली होती. पण सकाळी त्या दोघांना बॅगा घेऊन हॉटेल सोडताना साहेबांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या बाजूला दिवसातून एकच विमान जातं, संध्याकाळचं, हेही त्यांना पाठ होतं. साहेबांचं स्वतःचं विमान त्यानंतर बऱ्याच वेळाने होतं. सगळं कसं बेतात बसत होतं.

मग साहेबांनी चर्चेचं जे गुऱ्हाळ लावलं त्याला तोड नव्हती. पहिल्या कलमातल्या एका शब्दावर ते तासभर बोलले. दुसऱ्याच्या भाषांतरावर त्यांना शंका आली. तिसऱ्यात एक स्वल्पविराम खुपला. मागच्या रांगांतली माणसं एकेक करून उठली, आणि त्यांच्या बॅगांची चाकं दारापर्यंत घरंगळत गेली. कामगारांनी कॉफीचं यंत्रही उचलून नेलं. वहिनी हातातला मसुदा वाचत बसल्या होत्या. दीर शेजारी बिस्किटं खात होता.

ऊन भिंतीवरून उतरलं. साहेबांना राहवेना.

“वहिनी, या वेळेला रस्त्यात फार गर्दी असते हं.”

“असेल की,” म्हणत वहिनींनी पान उलटलं.

साहेबांनी आणखी थोडा वेळ काढला. संध्याकाळचं विमान उडायची वेळ आली आणि गेली. वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. आता साहेबांकडे बोलायलाही काही उरलं नव्हतं.

“कलम चार,” अध्यक्ष थकलेल्या आवाजात म्हणाले. “याऐवजी समिती नेमावी अशी सूचना आहे. कुणाची हरकत?”

“माझी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आपल्या देशाच्या नावाची पाटी टेबलावर उभी केली.

एका देशाची हरकत असेल तर कलम अडतं, आणि कलम अडलं की सगळा करार अडतो. तेवढ्यात साहेबांचा फोन थरथरला. त्यांचे मंत्री विमानतळावर पोचले होते. करार उद्या सकाळी संसदेत मांडायचा होता. आटपा आणि या, विमान थांबणार नाही, असा निरोप होता.

साहेब खुर्ची ओढून वहिनींजवळ बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“किती ताणायचं, वहिनी? तुमचं विमान तर चुकलं. आता निदान उद्याचं तरी गाठा. हे कलम पुढच्या वर्षी बघू, शब्द देतो.”

“पुढच्या वर्षी शाळेत पाणी असेल, साहेब,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “कलम आहे तसं घ्या, नाहीतर बसू या निवांत. आणि आमचं काही चुकलेलं नाही. या वेळी आम्ही परतीचं तिकीट काढलंच नव्हतं.”