सगळ्यांना मेल गेला होता

वासुदेवने सव्वाचारला मेल पाठवला. डोंगराकडे ढग फुटलेत, तासाभरात धुळीचं वादळ येतंय, सगळ्यांनी काम थांबवून घरी जावं, गाडी सावकाश चालवावी. मेल कसला, निबंधच तो! खाली हात जोडलेलं चित्रसुद्धा. दुबईत जबल अली बंदराजवळच्या गोदामात एचआरमध्ये अकरा वर्षं काढल्यावर एवढी सफाई येतेच.

पाच मिनिटांत ऑफिस रिकामं. "यल्ला, यल्ला" करत सगळे गाड्यांकडे पळाले. वासुदेव तेवढा लॅपटॉप आवरत मागे राहिला. समोरच्या शेडवर केरू पत्रे आवळत होता, खिडकीतून स्पष्ट दिसत होता. केरू त्याच्याच गावचा, रोह्याजवळचा. "माझ्या भरवशावर पाठवा" असं त्याच्या आईला सांगून वासुदेवनेच त्याला इथे आणलेला.

खिडकी उघडून एक हाक मारायची होती, बस्स. पण मेल गेला होता ना! म्हणजे काम झालं. शिवाय लेबरला खाली उतरवायचं ते फोरमन बघेल. वासुदेवने बायकोला फोन लावला, "सुजाता, बाल्कनीतले कपडे काढ. आणि अस्मीला खाली खेळायला सोडू नकोस."

पाऊस पडला लांब डोंगरात. इकडे आलं ते त्याचं नुसतं वारं, तेही तासाभराने नाही, वीस मिनिटांत. आधी क्रेन दिसेनाशा झाल्या, मग शेड, मग पार्किंगमधली स्वतःची गाडीसुद्धा. वासुदेव पायरीवरूनच आत पळाला. पत्रा फाटल्याचा आवाज त्याने ऐकला. त्यानंतरचा आवाजही ऐकला.

धूळ जरा बसली तेव्हा शेडखाली अँब्युलन्स उभी होती. केरूच्या तोंडावरून चादर ओढलेली. फोरमन सतीश शेजारी उकिडवा बसला होता. रडून रडून त्याच्या गालांवर चिखल झाला होता.

मोठे साहेब अर्ध्या वाटेवरून परत आले होते. रुमालाने नाक दाबून त्यांनी विचारलं, "वासुदेव, वॉर्निंग दिया था ना सबको?"

"यस सर. सव्वाचार बजे. ऑल स्टाफ को मेल किया था."

बोलताना लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मेल्याला हायसं वाटलं.

"गुड. प्रिंट निकाल के रखो." साहेब गाडीकडे वळले.

सतीश उठून वासुदेवसमोर उभा राहिला. आवाज मात्र त्याने चढवला नाही.

"साहेब, यार्डात आम्ही तेवीस जण आहोत. मेल एकालाही येत नाही."

"अरे सतीश, मला वाटलं तू बघशील..."

"केरूला मेल येत असता, तर तो पत्र्यावर कशाला चढला असता?"