भिंतीवरचे तिघे

कल्पना करा मुलांनो, तुमचे बाबा विमा एजंट आहेत. एका बाईला तिच्या तीन नवऱ्यांच्या विम्याचे पैसे त्यांनीच नेऊन दिले आणि मग तिच्याशीच लग्न केलं. "आता माझाही विमा उतरवलाय हं," असं ते हसत सांगतात.

अशाच एका मुलीच्या घरात भिंतीवर त्या तिघा दिवंगत नवऱ्यांचे हसरे फोटो होते. नवी आई ते रोज पुसायची.

एका सकाळी तिने बाबांपुढे कॉफी ठेवली. मुलीने सहज वर पाहिलं. तिन्ही फोटोंतले ओठ घट्ट मिटलेले होते.

"आज साखर जरा जास्त घातलीय," नवी आई म्हणाली. "गार करू नका."

बाबांनी कप उचलला. तिघांनी तोंडावर हात दाबून धरले.

मुलीने बाबांच्या हातातून कप काढून घेतला आणि नव्या आईसमोर धरला.

"आई, पहिला घोट तू घे."