टेबलावरचा कॅलिपर

धाकट्या बहिणीला वेगाचं वेड, म्हणून मेकॅनिक भावानेच तिच्या जुन्या स्पोर्ट्स कारला नवे, दणकट ब्रेक बसवून दिले. उतरवलेला जुना कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळून धरणारा लोखंडी जबडा, गॅरेजच्या टेबलावर पडला होता. ना त्याला पाइप जोडलेला, ना आत थेंबभर तेल.

बहीण गाडी घेऊन घाटाकडे निघाली. फोन स्पीकरवर चालू होता.

टेबलावर कट् आवाज झाला. जबडा मिटला आणि उघडला.

"कुत्रं आडवं आलं रे दादा," ती लगेच म्हणाली. "ब्रेक झकास लागला."

त्याने हात पुसले. पुन्हा कट्. मग तिचा आवाज, "आता हा ट्रक मध्येच घुसला बघ."

जुना कॅलिपर तिने ब्रेक दाबायच्या आधीच मिटत होता.

"चिमे, गाडी बाजूला घे."

"तुझं आपलं काहीतरीच. उतार लागलाय, जरा पळवू दे की."

टेबलावरचा जबडा करकचून मिटला. या वेळी तो उघडला नाही. त्यातून धूर निघू लागला.

"चिमे, पुढे काय दिसतंय?"

"काहीच नाही," ती हसत म्हणाली. "इतका मोकळा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता."