अक्षर लागत नाही

“तुझ्या जिभेला काही हाड? चारचौघांत देवासारख्या बाबांवर थुंकून आलास, आता माझ्या पायाशी बसून कशाला रडतोस?”

आईने पाय ओढून घेतला. पट्टी सुटली आणि वास खोलीभर पसरला. भोंग्याने नाक दाबलं, तोंड मात्र चालूच. लहानपणी हे नाव पडलं ते काही उगीच नाही.

“अंगठा काळा पडलाय, आई! डॉक्टर काय म्हणाले? आजच्या आज इंजेक्शन सुरू नाही केलं, तर पाय कापावा लागेल. तूसुद्धा राहशील की नाही, देव जाणे. जन्मभर शिवणकाम केलंस आणि एका सुईला घाबरतेस?”

“घाबरतंय कोण? बाबांनी सोड म्हटलं, मी सोडलं.”

“पण बाबांना तुझं दुखणं सांगितलं कोणी? मी! या माईकवरून!”

त्याने माईक टेबलावर आपटला. परवा पत्रकारांना दाखवलेला तोच.

“असली खेळणी बाजारात ढिगाने मिळतात,” आई म्हणाली. दारात ताई आईची शाल घेऊन उभी होती. बाबांच्या चारच्या सभेला आईला चाकांच्या खुर्चीत बसवून न्यायचं होतं. रोज हेच भांडण ऐकून ताईचा चेहरा पार उतरला होता.

सहा वर्षं भोंग्याने बाबांच्या भक्तपरिवाराच्या सभागृहात साउंड सांभाळला. लोक आपलं दुःख चिठ्ठीवर लिहायचे, खाली खुर्चीचा नंबर टाकायचे आणि चिठ्ठी पेटीत सोडायचे. पेटी बंदच राहते, बाबा न उघडता वाचतात, असं सगळे मानायचे. पेटीला मागून दार होतं. चिठ्ठ्या वरच्या खोलीत भोंग्याकडे यायच्या. काचेतून बघत तो हळूच माईकवर सांगायचा, “तिसरी रांग, चष्मेवाला. मुलगा दोन वर्षं बोलत नाही.” बाबांच्या कानात, केसांच्या आड, शेंगदाण्याएवढं यंत्र असायचं. बाबा डोळे मिटून तेच म्हणायचे, की चष्मेवाला हमसाहमशी रडायचा.

बाबा ऐकता ऐकताच बोलत. कानातून थेट तोंडात, मधे डोकं लागतच नव्हतं. एकदा एक चिठ्ठी फार गिचमिड होती. भोंग्या पुटपुटला, “जरा थांबा, अक्षर लागत नाही.” बाबांनी डोळे मिटून हजार माणसांना सांगितलं, “जरा थांबा, अक्षर लागत नाही.” सभागृह चिडीचूप. मग कोणीतरी हुंदका दिला. महिन्याभरात ते वाक्य सोनेरी फ्रेममधे विकायला आलं. आईच्या उशाशी भिंतीवर तेच टांगलेलं होतं.

भोंग्या तेव्हा पोट धरधरून हसला होता. लोकांना बरं वाटतंय, आपल्याला पगार मिळतोय, कोणाचं काय बिघडतंय?

मग एक दिवस आईची चिठ्ठी आली. ‘शुगरच्या इंजेक्शनांचा कंटाळा आलाय.’ त्याने सगळ्यांची वाचायचा तशीच ती वाचली. बाबा दोन गोड शब्द बोलतील, असं त्याला वाटलं. त्या दिवशी मात्र बाबांनी आपल्या पदरचं घातलं. “सोडून दे. मी आहे ना.”

आईने हात जोडले. भोंग्याच्या हातात माईक चालू होता. ‘नको, मरेल ती’, एवढंच म्हणायचं होतं. तो गप्प बसला. जन्मात एकदाच गप्प बसला, आणि नेमका तेव्हा.

त्यानंतर त्याने बाबांचे पाय धरले. शब्द फिरवायला बाबा तयार होईनात. त्याने माईक खिशात घालून नोकरीवर लाथ मारली आणि परवा कॅमेऱ्यांसमोर बसून सगळं ओकला. पेटी, दार, शेंगदाणा, सगळं. काय झालं? घराच्या काचा फुटल्या. किती खाल्लेस, असं लोकांनी विचारलं. आणि ज्या एका माणसासाठी तो बोलला होता, तिने टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड केलं.

“आई, पाया पडतो तुझ्या.” त्याचा आवाज फाटला. “माझं नाही ऐकत, डॉक्टरांचं नाही ऐकत. मग ऐकणार तरी कोणाचं?”

“बाबांचं.” आईने डोळे पुसले. तिलाही दुखत होतंच. “बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणू देत, की हे सगळं खोटं आहे, इंजेक्शन घे. तिथल्या तिथे टोचून घेते. शब्द आहे माझा.”

भोंग्या उत्तर द्यायला उसळला आणि त्याची नजर उशाशी टांगलेल्या फ्रेमकडे गेली.

‘जरा थांबा, अक्षर लागत नाही.’ मग टेबलावरच्या माईककडे. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बाबांच्या कानातल्या यंत्राचं चॅनेल बदलायचं तिथे कोणाला सुचलं असणं शक्यच नव्हतं. सहा वर्षं त्याच्याशिवाय कोणी त्या यंत्राला हात लावला नव्हता. आता वरच्या खोलीत बाबांचा भाचा बसायचा, स्टेजपासून लांब. आणि एकाच चॅनेलवर दोन माईक आले की जवळचा जिंकतो, एवढं भोंग्याला धंद्यातलं कळत होतं.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “हिला पहिल्या रांगेत बसव. इंजेक्शन बरोबर घे.”

“आणि तू? तुला तर गेटच्या आतही घेणार नाहीत.”

“आत जायचंय कोणाला? स्टेजच्या मागची गल्ली पुरे.” त्याने माईक खिशात टाकला. “चारला बाबा डोळे मिटतात. मला आता निघायला हवं.”